टाकीत हवा किती, तो आकडा गेटवर लावा : मराठवाड्यातील आयुक्त आणि मुख्याधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, मराठवाड्यातील सर्व महानगरपालिका
मा. मुख्याधिकारी, मराठवाड्यातील सर्व नगरपरिषदा व नगरपंचायती

विषय : मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांतील हवेची यंत्रणा रात्रंदिवस चालू ठेवणे व तिचे रीडिंग लोकांसमोर मांडणे याबाबत.

महोदय, महोदया,

शहरात एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र, उभा राहिला की त्याची ओळख एका आकड्याने होते. दहा एमएलडी (दिवसाला दहा दशलक्ष लिटर), पस्तीस एमएलडी, कुठे शंभराच्या वर. कोनशिलेवर तोच आकडा, निविदेत तोच, सभागृहात विचारतात तोही तोच. पण दिवसाला किती पाणी घेता येतं यावर मैला साफ होणं अवलंबून नसतं. त्या पाण्यात दर दिवशी किती किलो प्राणवायू विरघळतो, यावर असतं. हा आकडा मी आजवर कुठल्याही फलकावर पाहिलेला नाही, आणि आढावा बैठकीत तो कुणी विचारल्याचंही ऐकलेलं नाही. म्हणून हे पत्र.

मी अशाच एका केंद्राच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. ठेकेदाराच्या पगारावर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचं आहे ते एका गावापुरतं नाही. या भागातल्या दुसऱ्या केंद्रांवर काम करणाऱ्या केमिस्टशी आणि ऑपरेटरशी बोलणं होतं, तेव्हा सगळीकडची कहाणी इतकी सारखी असते की आपण वेगवेगळ्या जिल्ह्यांत काम करतो हे विसरायला होतं.

मैलापाणी यंत्र साफ करत नाही, जिवाणू करतात. आपण त्यांना एका टाकीत राखतो, मैला हेच त्यांचं अन्न, आणि ते खायला त्यांना प्राणवायू लागतो. टाकीच्या तळाशी रबरी पडद्याचे डिफ्युझर बसवलेले असतात, ब्लोअर त्यांतून हवा ढकलतो आणि बारीक बुडबुडे वर येतात. पद्धत जुनी आहे. १९१४ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी ती जगासमोर मांडली. मैलापाणी भरा, हवा द्या, गाळ बसू द्या, वरचं नितळ पाणी काढा, खालचा गाळ ठेवा आणि पुन्हा भरा. आज एसबीआर म्हणून जे तंत्र आपल्याला नव्याने विकलं जातं त्याचा गाभा हाच आहे. पॅनेल बदलले, व्हॉल्व्ह आपोआप उघडू-मिटू लागले, जिवाणूंची गरज बदललेली नाही. त्यांना मैला देऊन हवा न देणं म्हणजे दावणीला बांधलेल्या जनावराला कडबा टाकून पाणी न दाखवण्यासारखं आहे.

हवा नीट चाललेली टाकी लांबूनही ओळखू येते. पाण्याचा रंग चॉकलेटी असतो, सगळ्या पृष्ठभागावर सारखे बारीक बुडबुडे फुटत असतात, वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा येतो. एक लिटरच्या काचेच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे उभ्या मोजपात्रात, ते पाणी घेऊन अर्धा तास ठेवलं की गाळाचे पुंजके एकमेकांना धरून सावकाश खाली बसतात आणि वर स्वच्छ पाणी राहतं. हवा कमी पडली की आधी रंग काळपट होतो, मग सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि सिलिंडरमध्ये गाळ बसायचं नाव घेत नाही, किंवा बसलेला गाळ थोड्या वेळाने गोळ्यागोळ्यांनी वर येतो. त्यासाठी कुठलीही प्रयोगशाळा लागत नाही. आपण उद्या न सांगता केंद्रावर गेलात तर एका सिलिंडरमध्ये अर्ध्या तासात आपल्याला महिनाभराच्या अहवालापेक्षा जास्त कळेल.

टाकीत विरघळलेला प्राणवायू, म्हणजे डीओ, लिटरला दीड ते दोन मिलिग्रॅम असावा लागतो. एवढासा आकडा, पण तो टिकवायला केंद्रातली निम्म्याहून अधिक वीज खर्ची पडते. सगळ्या अडचणी इथूनच सुरू होतात.

आता मराठवाड्याचं वेगळेपण सांगते, कारण निविदेचे मसुदे पुण्या-मुंबईच्या मसुद्यांवरून येतात आणि त्यात हे नसतं.

केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या पाणीपुरवठा व मलनिस्सारण संस्थेची नियमपुस्तिका माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरते. त्यातलं ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, मैलापाणी म्हणून परत येतं. माणशी मैल्याचा भार २७ ग्रॅम बीओडी, म्हणजे ती घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. भागाकार केला की लिटरला २५० मिलिग्रॅम येतात, आणि आपली बहुतेक केंद्रं या २५० च्या आसपास आखलेली असतात. पण आपल्याकडे माणशी १३५ लिटर पाणी येतं कुठे? अनेक शहरांत आठवड्यातून एकदा नळ सुटतो, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. माणूस सत्तर लिटरमध्ये भागवत असेल तर नाल्यात छप्पन्न लिटरच येतं, आणि त्यातही मैला तेवढाच २७ ग्रॅम. बीओडी ४८० वर जातो. पाणी निम्मं आणि घाण दुपटीने दाट.

फ्लो मीटरवर मात्र फक्त पाणी दिसतं. केंद्राकडे क्षमतेच्या निम्मंच पाणी येतंय, म्हणून एक ब्लोअर बंद ठेवायला हरकत नाही, असा हिशेब केला जातो आणि तो कागदावर अगदी बरोबर वाटतो. प्रत्यक्षात जिवाणूंपुढे तेवढंच अन्न असतं आणि हवा निम्मी. मी हे वारंवार पाहिलं आहे. एप्रिल-मेमध्ये आऊटलेटचं पाणी बिघडतं तेव्हा आधी ऑपरेटरला नोटीस जाते, मग केमिस्टला, आणि ब्लोअर मात्र बंदच राहतो.

त्यातच ऊन. २० अंशाच्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला ७.५. आपण समुद्रसपाटीपासून चार-पाचशे मीटर वर आहोत, म्हणजे आणखी थोडा कमी. आणि उष्णता वाढली की जिवाणूंची भूक वाढते. मावतं कमी, लागतं जास्त, घाण दाट, अशी तिन्ही बाजूंनी कोंडी होते ती नेमकी त्याच महिन्यांत, जेव्हा नदीत दुसरं पाणी नसतं आणि आपण सोडलेलं पाणी हीच नदी असते. डिसेंबरात घेतलेल्या चाचणीवर केंद्र ताब्यात घेतलं जातं, मेमध्ये त्याची परीक्षा होते.

आणखी एक गोष्ट. नळ आठ दिवसांनी सुटतो त्यामुळे नाल्यातलं पाणीही लहरीने येतं. पाणी सुटण्याच्या दिवशी घरोघर धुणी, भांडी, टाक्या धुणं, आणि दुपारपासून इनलेटला लोंढा. बाकीचे दिवस मैला गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये साचून कुजत राहतो. तो केंद्रावर पोचतो तेव्हा आधीच काळा झालेला असतो, त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि आल्या आल्या तो टाकीतला प्राणवायू ओढून घेतो. म्हणून आपल्याकडे ठरावीक वेळापत्रकाने ब्लोअर चालवून भागत नाही. डीओ बघून कमी-जास्त करावं लागतं. त्यासाठी ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारे व्हीएफडी असतात, बहुतेक नव्या केंद्रांत बसवलेलेही आहेत. ते डीओच्या सेन्सरशी जोडलेले असतात, आणि सेन्सर बंद असतो.

सेन्सर का बंद असतो? कारण त्याच्यावर आठवड्यात शेवाळ आणि चिकटा जमतो, तो पुसावा लागतो, आणि त्याचं डोकं ठरावीक काळाने बदलावं लागतं. ते बदलायची मागणी जाते, मंजुरी येत नाही, तोवर रजिस्टर हाताने भरलं जातं. अशी रजिस्टरं मी पाहिली आहेत. सकाळी सहाला २.१, सातला २.१, आठला २.०, मग पुन्हा २.१, रात्री तीनलाही २.१, आणि पान उलटलं तरी तेच. एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेलं. जिवंत टाकीत डीओ असा कधीच थांबत नाही. लोंढा आला की तो अर्ध्यावर येतो, पहाटे मैला कमी आला की चढतो. सरळ रेषेत चालणारं रजिस्टर दिसलं की ते बघणाऱ्या अभियंत्याने तिथेच थांबावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

रात्रीचं बोलायलाच हवं. देखभाल-दुरुस्तीचा ठेका बऱ्याच ठिकाणी महिन्याला ठरलेल्या रकमेचा असतो आणि विजेचं बिल त्यातच धरलेलं असतं. म्हणजे वाचवलेलं प्रत्येक युनिट हा ठेकेदाराचा नफा. वीज सर्वांत जास्त कोण खातो? ब्लोअर. आणि तपासणी कधी होते? सकाळी अकरा ते दुपारी चार. हे तिन्ही एकत्र केलं की रात्री अकरानंतर ब्लोअर रूममध्ये शांतता का होते ते कळायला वेळ लागत नाही. मी एखाद्या ठेकेदाराला लबाड म्हणत नाही. ज्या अटींवर आपण ठेका देता त्या अटीच त्याला ब्लोअर बंद करायला सांगतात. नाईट शिफ्टच्या मुलाला फोन येतो, तो बटण दाबतो. त्याची नोकरी अकरा महिन्यांची असते.

सहा तास हवा बंद राहिली तर काय बिघडतं, असं एका बैठकीत विचारलं गेलं होतं. प्रश्न मनापासून होता, म्हणून उत्तरही नीट देते. टाकीतला उरलेला प्राणवायू काही मिनिटांतच संपतो. कार्बनी घाण खाणारे जिवाणू चिवट असतात, पुन्हा हवा मिळाली की दिवसा-दोन दिवसांत सावरतात. पण अमोनिया खाणारे जिवाणू वेगळे. ते फार हळू वाढतात, प्राणवायूही जास्त मागतात, एक किलो अमोनिया-नायट्रोजनला साडेचार किलोच्या वर. वारंवार हवा तोडली की ते टाकीतून नाहीसे होतात आणि परत यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. रोज रात्री हवा तोडली तर ते कधीच परत येत नाहीत. मग आऊटलेटचं पाणी दिसायला बऱ्यापैकी स्वच्छ असतं, पण त्यात अमोनिया जसाच्या तसा जातो, नदीत जाऊन तिथला प्राणवायू खातो आणि माशांना विषासारखा भोवतो. म्हणजे जे काम टाकीत व्हायचं ते आपण नदीवर ढकललेलं असतं.

नदी म्हणजे कुठली, तेही सांगायला हवं. छत्रपती संभाजीनगरची खाम खाली नाथसागराकडे, म्हणजे जायकवाडी धरणाकडे, जाते, आणि त्याच नाथसागरातलं पाणी वर शहराला पिण्यासाठी येतं. जालन्याची कुंडलिका, बीडची बिंदुसरा, हिंगोलीची कयाधू या सगळ्या गोदावरीच्या खोऱ्यातल्या. नांदेडला लोक घाटावर स्नान करतात, पैठणला नाथषष्ठीला वारकऱ्यांची रीघ लागते. स्नानाच्या पाण्यात प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नको आणि बीओडी ३ पेक्षा जास्त नको, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. मासे जगायला प्राणवायू ४ लागतो. शुद्धीकरण केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरांबाहेर बीओडी ३० पर्यंत चालेल असं होतं, ३० एप्रिल २०१९ ला राष्ट्रीय हरित लवादाने तो १० वर आणायला सांगितला. दहाचा आकडा गाठायचा असेल तर हवेत एका रात्रीचीही हयगय परवडत नाही. आणि नाल्याकाठी ज्यांच्या मोटारी आहेत त्यांच्या पालक-कोथिंबिरीला हेच पाणी जातं. ती भाजी तुमच्या-आमच्या घरी येते.

विजेचं बिल परवडत नाही हे उत्तर मी मान्य करते, पण हिशेब पूर्ण मांडून. दहा एमएलडीचं केंद्र घ्या, म्हणजे दिवसाला एक कोटी लिटर. बीओडी २५० धरला तर रोज अडीच हजार किलो भार. तो काढायला आणि अमोनियाचं काम करायला मिळून ढोबळमानाने चार हजार किलो प्राणवायू. डिफ्युझर चांगल्या स्थितीत असतील तर एका युनिटात साधारण दोन किलो प्राणवायू पाण्यात जातो. म्हणजे दोन हजार युनिट रोजचे, हजार लिटरला ०.२ युनिट. आता दुसरी बाजू पाहा. हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायला पंपाची झीज धरून ०.४ युनिटच्या आसपास लागतात. जायकवाडीची पूर्ण पातळी १५२२ फूट, म्हणजे ४६४ मीटर, आणि संभाजीनगर साडेपाचशे मीटरच्या वर. नवं पाणी धरणातून शहरात आणायला जेवढी वीज जाते त्याच्या निम्म्यात वापरलेलं पाणी पुन्हा कामाचं करायला लागणारी हवा देता येते. ते पिऊ नका, पण कारखाने, बांधकामं, बागा आणि शेतीला द्या. नागपूरच्या भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, हे महाराष्ट्रातच घडलेलं आहे. आपल्या परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, हेही आपल्यासमोरच घडलं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं, आणि साऱ्या देशाने ते पाहिलं. दहा एमएलडीचं एक केंद्र नीट चाललं तर रोज अशा वीस गाड्यांएवढं पाणी हाती येतं. आम्ही ते काळं करून सोडून देतो. हे लिहिताना मला खरोखर वाईट वाटतं.

बिल कमी करायचे प्रामाणिक मार्गही आहेत आणि ते हवा बंद करण्यापेक्षा जास्त वाचवतात. पहिला मार्ग तळाशी आहे. बारीक बुडबुडा महत्त्वाचा का, तर तेवढ्याच हवेचे दोन मिलिमीटरचे बुडबुडे केले तर दहा मिलिमीटरच्या बुडबुड्यांपेक्षा पाण्याला लागणारा पृष्ठभाग पाचपट होतो, शिवाय ते हळू वर येतात. स्वच्छ पाण्यात चांगला डिफ्युझर दर मीटर खोलीला सहा टक्क्यांच्या आसपास प्राणवायू विरघळवतो, पाच मीटरच्या टाकीत तीस टक्के. मैलापाण्यात साबण आणि तेल असतं, त्यामुळे हे प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणजे चांगल्या स्थितीतही ढकललेल्या हवेतला बहुतांश प्राणवायू तसाच वर उडून जातो. आता रबर कडक झालं, छिद्रं चिकट्याने आणि क्षाराने बुजली, दोन-चार पडदे फाटले, तर काय होईल? टाकीत एका जागी मोठी उकळी फुटते आणि बाकी सगळी टाकी निपचित पडलेली असते. ती उकळी बघून पाहुणे म्हणतात, हवा जोरात चालू आहे. खरं म्हणजे त्या फाटक्या जागेतून सगळी हवा फुकट जात असते. ब्लोअरच्या गेजवर दाब चढत असेल तर डिफ्युझर बुजताहेत, एकदम उतरला तर कुठेतरी फाटलं. दाबाची ही नोंद आम्ही रोज करतो, ती वाचणारा माणूस नसतो.

पडदे चांगल्या देखभालीत पाच ते दहा वर्षं टिकतात. बदलायचे तर टाकी रिकामी करावी लागते, आणि बऱ्याच केंद्रांत दुसरी टाकी भार घ्यायला मोकळी नसते. म्हणून बदललेच जात नाहीत. नव्या निविदांत पाणी न काढता उचलता येणारी डिफ्युझरची जाळी मागा. सुरुवातीला महाग पडते, पुढे ती रक्कम वसूल होते. आणि जिथे टाकी रिकामी करून माणसं आत उतरवावी लागतात तिथे गॅस तपासल्याशिवाय, पट्टा आणि पंखा असल्याशिवाय कुणालाही उतरवू नका. गाळाच्या तळाशी हायड्रोजन सल्फाइड दबून असतो. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हे मी लिहिलंच असतं.

लहान नगरपंचायतींना डिफ्युझर आणि एसबीआर झेपत नसेल तर त्यांनी तो हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जागा असेल तिथे उथळ तळी आणि पाणी घुसळून हवा देणारे तरंगते एरेटर पुरतात. एरेटर विजेच्या मानाने प्राणवायू कमी देतो, पण गिअरबॉक्सचं तेल वेळेवर बदललं तर गावातला वायरमनही तो चालवू शकतो, आणि बिघडला तर दोरीने ओढून काठावर आणता येतो. जे गावाला दुरुस्त करता येतं ते यंत्र गावासाठी चांगलं.

मात्र एरेटर आणि कारंजं यांत गल्लत होते आहे. तलाव सुशोभीकरणात हल्ली सगळीकडे तरंगती कारंजी बसवली जातात आणि त्याला जलशुद्धीकरण म्हटलं जातं. नाल्याचं तोंड तलावात उघडंच असेल तर कारंज्याने फार तर वरचा फूट-दीड फूट थर ताजा राहतो. मैल्यासोबत येणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस तसाच राहतो, जलपर्णी वाढतच राहते. आधी नाला अडवून केंद्राकडे वळवा, मग तळाशी हवा द्या, त्याचा उपयोग होतो. संध्याकाळी दोन तास लाइट लावून कारंजं चालवण्याचा होत नाही.

मग माझं मागणं काय? ठेक्याची रचना बदला. विजेचं बिल पालिकेने स्वतः भरावं आणि ठेकेदाराला पैसे आऊटलेटच्या बीओडीवर आणि अमोनियावर द्यावेत. काढलेल्या बीओडीच्या किलोमागे किती युनिट लागावेत याची वरची मर्यादा करारात घाला, म्हणजे तोही उधळपट्टी करणार नाही आणि डिफ्युझर धुवायला त्याला कारण मिळेल. सॅम्पल चोवीस तासांचं एकत्र घ्या, आणि महिन्यातून एकदा, न सांगता, रात्री तीनचं. तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळ करतं, ते त्यांचं काम आहे. पण केंद्र तुमचं आहे, तुमच्या अभियंत्याने रात्री तिथे जायला कुणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक केंद्रावर एक ब्लोअर राखीव आणि चालू स्थितीत हवा. लाईट गेली की निदान एक ब्लोअर ओढू शकेल एवढा जनरेटर हवा आणि त्यात डिझेल हवं. सोलर जरूर बसवा, दिवसाचं बिल हलकं होईल, फक्त त्या हिशेबात रात्रीची हवा गळू देऊ नका.

आणि केंद्राच्या गेटवर एक डिजिटल बोर्ड लावा. त्यावर एकच आकडा : टाकीतला डीओ, आत्ताचा. तोच आकडा पालिकेच्या वेबसाईटवर, मागच्या तीस दिवसांच्या आलेखासह. खर्च किरकोळ आहे. चौकात हवेच्या प्रदूषणाचे बोर्ड लागतातच. शेजारच्या वस्तीतल्या मुलालाही कळेल की रात्री दोनला रेघ शून्यावर येते आहे, आणि एकदा ते सगळ्यांना दिसू लागलं की नाईट शिफ्टच्या ऑपरेटरला ब्लोअर बंद करा असा फोन करणं कुणालाही सोपं राहणार नाही.

शेवटचं ऑपरेटरबद्दल. एवढी महागडी यंत्रणा ज्यांच्या हातात आहे त्यांना बारा-बारा तासांच्या शिफ्ट आणि किमान वेतनही वेळेवर नाही अशी अनेक ठिकाणी स्थिती आहे. कित्येकांना ब्लोअर चालू-बंद करण्यापलीकडे काहीच शिकवलेलं नाही. टाकीचा रंग, वास, फेस, सिलिंडरमधला गाळ यावरून काय समजायचं हे दोन दिवसांत शिकवता येतं. डीओ मीटर बंद पडला तरी बाटलीत रसायनं घालून आणि मग थेंबाथेंबाने द्रावण टाकून, म्हणजे टायट्रेशनने, प्राणवायू मोजण्याची विंकलरची पद्धत आहे, ती बारावी झालेला मुलगा सहज करतो. मी माझ्या शिफ्टच्या मुलांना ती शिकवली आहे आणि ते माझ्यापेक्षा जास्त काटेकोर करतात.

येत्या फेब्रुवारीअखेर, उन्हाळा लागायच्या आत, आपल्या केंद्रात ब्लोअर किती, त्यांतले चालू किती, आणि एका आठवड्याचं रात्री तीनचं डीओ रीडिंग किती, एवढं पालिकेच्या वेबसाईटवर टाकावं. मला वेगळं उत्तर पाठवायची गरज नाही. कुठल्याही नगरपरिषदेने सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर ऑपरेटरना सिलिंडरची आणि टायट्रेशनची चाचणी शिकवायला मी स्वतः येईन. मानधन नको, जायच्या-यायच्या एसटीचं तिकीट माझं मी काढीन. रसायनं आणि काचेची भांडी तेवढी तयार ठेवावीत.

आपली,
मराठवाड्यातल्या एका शुद्धीकरण केंद्रातील केमिस्ट